ईदच्या दुसऱ्या दिवशी वही बंद करू नका



संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की एक ओळ आपण सगळेच फारसा विचार न करता लिहून टाकतो. ती म्हणजे कालखंडाची. ‘अमुक साली सुरुवात, तमुक साली शेवट.’ पेटनंतरच्या मुलाखतीत परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतात: शेवट इथंच का? आणि आपली बोबडी वळते. माझीही वळली होती. या प्रश्नाकडे नीट बघायला मला कोणत्या ग्रंथालयात नाही, तर झरी गावात शिकायला मिळालं, तेही ईदच्या दिवशी. म्हणून आज तुम्हाला तिथं घेऊन जाते.

झरी हे परभणी तालुक्यातलं, परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. काळी जमीन आणि रब्बीची ज्वारी ही या सगळ्या पट्ट्याची ओळख. माझं काम मराठवाड्यातल्या सणांच्या नोंदींवर आहे. कोणता सण कोणी, कुठे, कसा लिहून ठेवला आणि काय लिहायचं राहून गेलं, एवढाच प्रश्न. ३१ मार्च २०२५ ला ईद होती. आदल्या दिवशी गुढीपाडवा झालेला. मी वहीत रकाने आखून गेले होते. ‘रमजान सुरू: २ मार्च. समाप्त: ३० मार्च, चंद्रदर्शन. एकूण रोजे: २९.’ सकाळी एका घरी शिरखुर्मा खाल्ला, दोन-चार प्रश्न विचारले आणि ‘समाप्त’ या शब्दाखाली रेघ मारून वही मिटली.

त्या घरातल्या आजींना सगळे दादी म्हणतात. त्यांनी विचारलं, “हो गया लिखना?” म्हटलं, “हो दादी, रमजान संपला, माझंही काम संपलं.” त्या म्हणाल्या, “मेरे तो कल से फिर रोजे हैं.” आतून सून म्हणाली, “माझे पण. सात राहिलेत.”

मी वही परत उघडली. ‘समाप्त’खालची रेघ चुकली होती.

चांद दिसतो तेव्हा नेमकं काय होतं?

आधी त्या एका संध्याकाळकडे बघू. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, मध्यरात्री नाही. हे लक्षात ठेवा, पुढे तारखा जुळवताना कामाला येईल. म्हणजे ३० मार्चला सूर्य मावळला, चांद दिसला, की शव्वाल महिन्याची पहिली रात्र लागली. ईद त्या क्षणी सुरू झाली. इंग्रजी तारीख मात्र अजून तीसच.

त्या क्षणी बऱ्याच गोष्टी एकदम बदलतात. रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीत एतेकाफला बसलेला माणूस उठून घरी येतो. महिनाभर रात्री चाललेली तरावीहची नमाज त्या रात्री नसते. बाजारात मात्र पाय ठेवायला जागा नसते. शेवया, सुकामेवा, कपडे, बांगड्या, मेहंदी, अत्तर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की संयमाचा महिना संपला आणि मौजेची रात्र सुरू झाली. वर्तमानपत्रातला फोटोही याच रात्रीचा असतो.

पण धार्मिक परंपरेत याच रात्रीला ‘लैलतुल जाइजा’, म्हणजे बक्षिसाची रात्र म्हणतात, आणि ती जागून इबादत करण्याची रात्र मानली जाते. एकाच रात्री एक बाजार भरतो आणि एक जानमाज अंथरली जाते. पुष्कळदा दोन्ही एकाच घरात. संशोधकाच्या हाताला बाजार लागतो, कारण त्याची जाहिरात असते, पावती असते, फोटो असतो. जानमाजेची पावती नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं बघा. ईदच्या नमाजेला निघण्याआधी काहीतरी गोड खायचं. पैगंबर त्या सकाळी विषम संख्येत खजूर खाऊन निघत, अशी हदीसमध्ये नोंद आहे. आपल्याकडच्या शिरखुर्म्यातला ‘शिर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. म्हणजे ज्याला आपण ‘ईदचं पक्वान्न’ म्हणून खाद्यसंस्कृतीच्या प्रकरणात टाकतो, त्याचं एक मूळ उपासनेच्या प्रकरणात आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ईदच्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे. काल दिवसा खाणं चुकीचं होतं, आज दिवसभर उपाशी राहणं चुकीचं. आज्ञा पाळणं दोन्ही दिवशी तेच. फक्त काल ती उपाशी राहून पाळली, आज खाऊन.

हे परकं वाटत असेल तर आपल्या घरातली एकादशी आठवा. वारकऱ्याच्या घरी एकादशी केली की दुसऱ्या दिवशी ‘बारस सोडायची’ असते. वेळेत पारणं केलं नाही तर व्रत पुरं झालं असं धरत नाहीत. अंबरीष राजाची गोष्ट ठाऊक असेलच: दुर्वास ऋषी स्नानाला गेलेले, द्वादशी टळत चाललेली, पाहुण्याआधी जेवावं तर अपमान, न जेवावं तर व्रतभंग. राजा फक्त पाणी पितो. या गोष्टीत उपास सोडणं हा उपासाचाच शेवटचा भाग आहे. माझी आजी एकादशीपेक्षा बारशीच्या सकाळी जास्त काटेकोर असायची. तरीही मी झरीत ईदच्या सकाळच्या खाण्याला ‘उपासाचा शेवट’ असं लिहून मोकळी झाले. घरात रोज पाहिलेली गोष्ट शेतकामाला, म्हणजे आपल्या क्षेत्रकार्याला जाताना घरीच राहते, हे असं.

फित्रा: दोन्ही दिवसांना जोडणारं धान्य

आता पुराव्याकडे येऊ. रमजान आणि ईद यांना जोडणारी एक गोष्ट अशी आहे की जी मोजता येते, तोलता येते. ती म्हणजे फित्रा, पूर्ण नाव सदका-ए-फित्र.

नियम थोडक्यात असा. ज्याच्याकडे गरजा भागून ठरावीक मालमत्ता उरते, त्यानं स्वतःचा आणि आपल्या लहान मुलांचा फित्रा ईदच्या नमाजेआधी गरिबांना द्यायचा. परंपरेत याची दोन कारणं सांगितली जातात. रोज्यांमध्ये तोंडून काही वावगं गेलं असेल, काही उणं राहिलं असेल तर ते भरून निघावं, आणि ईदच्या दिवशी गरिबाच्या घरीही चूल पेटावी. पहिलं कारण मागच्या महिन्याकडे बघतं, दुसरं उद्याच्या सणाकडे. चांदरात ओलांडून जाणारा पूल कुठला, असं कोणी विचारलं तर मी फित्र्याकडे बोट दाखवीन.

हनफी पंथात (आपल्याकडचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत) फित्र्याचं माप गव्हात अर्धा ‘सा’ आणि जव, खजूर, मनुका यांत एक पूर्ण ‘सा’. ‘सा’ हे जुनं अरबी माप. त्याचं आजच्या किलोत रूपांतर करताना उलेमांचे आकडे थोडे वेगवेगळे येतात, पण गव्हाचा फित्रा माणशी साधारण दीड ते दोन किलोंच्या दरम्यान धरला जातो. धान्य द्या किंवा तेवढी किंमत द्या.

आता परभणीकडे या. इथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी खात आला. इथल्या कृषी विद्यापीठानं ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ असं नाव दिलं आहे, त्यावरून या पिकाचा मान कळेल. पण फित्र्याच्या मूळ यादीत ज्वारी नाही. अरबस्तानातल्या मापाच्या यादीत ती असणारही कशी? मग ज्वारीच्या गावात फित्रा द्यायचा कशात?

हनफी फिकहचं उत्तर असं: यादीत नसलेलं धान्य द्यायचं असेल तर किंमत बघा. ठरलेल्या गव्हाच्या किमतीइतकी ज्वारी द्या. समजण्यासाठी एक काल्पनिक हिशोब करू. गहू ३० रुपये किलो, ज्वारी २० रुपये किलो आणि माणशी पावणेदोन किलो गहू असं धरा. माणशी किंमत झाली साडेबावन्न रुपये, म्हणजे ज्वारी अडीच किलोच्या वर, नेमकी २ किलो ६२५ ग्रॅम. सहा माणसांच्या घराला गहू साडेदहा किलो, पण ज्वारी पावणेसोळा किलो. जेव्हा ज्वारी गव्हापेक्षा स्वस्त होती, तेव्हा ज्वारीत फित्रा देणाऱ्याला पोत्यातून जास्त धान्य काढावं लागत होतं. अलीकडे पुष्कळदा बाजारात ज्वारीच गव्हापेक्षा महाग असते. तेव्हा हिशोब उलटा होतो.

यात इतिहासाच्या विद्यार्थ्याला काय मिळतं? प्रश्न मिळतात, आणि तेही चांगले. गावात फित्रा धान्यात देणं कधी थांबलं आणि पैशात देणं कधी सुरू झालं? पायली-शेराची मापं जाऊन किलो आला (मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा) तेव्हा अर्ध्या ‘सा’चं रूपांतर कोणी करून दिलं? रेशनचा गहू घरात आल्यावर फित्रा गव्हात देणं सोपं झालं का? असा एकेक प्रश्न घेऊन चार म्हाताऱ्या माणसांजवळ बसलात तर ‘धार्मिक सलोखा’ किंवा ‘सण-उत्सव’ अशा पसरट शीर्षकांपेक्षा कितीतरी जास्त हाती लागेल. विषय लहान घ्या. धान्याच्या एका मापात शेती, बाजार, कायदा आणि श्रद्धा सगळं मावतं.

ईदनंतरचे रोजे

आता दादींच्या ‘कल से फिर’कडे परत येऊ. शव्वाल महिन्यात ईदचा दिवस सोडून सहा रोजे ठेवण्याची प्रथा आहे. सही मुस्लिम या हदीससंग्रहात याचा आधार आहे: रमजानचे रोजे ठेवून मागोमाग शव्वालचे सहा ठेवले तर वर्षभर रोजे ठेवल्यासारखं होतं. याचा हिशोब असा सांगतात की एका सत्कर्माचं दसपट फळ, म्हणजे तिसाचे तीनशे, सहाचे साठ, मिळून तीनशे साठ.

हे ‘पूर्वापार सगळीकडे चालत आलेलं’ म्हणून सोडून देऊ नका. यालाही इतिहास आहे. मदीनेचे इमाम मालिक (मृत्यू इ.स. ७९५) यांनी आपल्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात या सहा रोज्यांबद्दल नापसंती नोंदवली आहे. आपण विद्वानांना हे करताना पाहिलं नाही, आणि अजाण लोक हे रमजानलाच जोडून टाकतील, ही त्यांची काळजी होती. नंतरच्या काळात बहुसंख्य सुन्नी विद्वानांनी हे रोजे चांगले मानले. म्हणजे रमजान नेमका कुठे संपतो, ही हद्द जपायची की ओलांडायची, हा प्रश्न तुमच्या-माझ्या आराखड्यातलाच नाही. बाराशे वर्षांपूर्वी मदीनेतही तो चर्चेत होता. एकाला वाटत होतं हद्द पुसट झाली तर फर्ज आणि ऐच्छिक यांत गोंधळ होईल. दुसऱ्याला वाटत होतं हद्द ओलांडली तर सवय टिकेल. दोघांनाही भक्तीचीच काळजी होती.

आता सुनेच्या ‘सात राहिलेत’कडे बघा. मासिक पाळीच्या दिवसांत रोजा ठेवत नाहीत आणि ते रोजे नंतर भरून काढायचे असतात. त्यांना कजा रोजे म्हणतात. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई यांनाही सवलत आहे, पण पुढे भरपाई. म्हणजे पाळी येणाऱ्या वयातल्या कितीतरी बायकांचा रमजान ईदला पुरा होतच नाही. ईदच्या दिवशी पन्नास पाहुण्यांची उठबस करायची, आणि मग शव्वालमध्ये किंवा पुढच्या महिन्यांत, घरात सगळे जेवत असताना एकटीनं रोजा धरायचा. तेव्हा मशिदीतून सहेरीची हाक नाही, मोहल्ल्यात इफ्तारची लगबग नाही, दुकानात खजुराचे ढीग नाहीत.

‘ईद साजरी झाली’ ही नोंद ईदगाहवरची आहे. आपल्याकडे ईदगाहवर मुख्यतः पुरुष जातात. म्हणून ‘रमजान समाप्त’ ही माझी नोंद खरं तर गावातल्या निरोगी पुरुषांची नोंद होती. मी स्वतः बाई असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही कोणत्याही समाजाचा सण अभ्यासत असाल तर हा प्रश्न लिहून ठेवा: या सणाचा शेवट कोणाच्या दृष्टीनं ठरवला आहे?

जरा आणखी मागे जायचं तर खुलताबादला जा. आपल्या मराठवाड्यातलंच. निजामुद्दीन औलियांच्या बैठकींचा ‘फवाइदुल फुआद’ हा वृत्तांत लिहिणारे कवी अमीर हसन सिज्जी तिथं दफन आहेत, आणि निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) हेही तिथंच. ‘फवाइद’ची पहिली बैठक ३ शाबान ७०७ हिजरी, म्हणजे जानेवारी १३०८ ची. पुढच्या बैठकींनाही अशाच तारखा आहेत, त्यामुळे हा ग्रंथ इतिहासकाराला फार उपयोगी. त्या परंपरेत जवळपास कायम रोजे ठेवणारे सूफी होते. पण शरीयतीप्रमाणे वर्षातले पाच दिवस त्यांनाही रोजा ठेवता येत नाही: रमजान ईद, बकरी ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस. वर्षभर उपाशी राहण्याची ज्याची तयारी आहे, त्याला पाच दिवस जेवावं लागतं, कारण आपल्या उपासाचाही अहंकार होऊ नये. सूफींच्या भाषेत नफ्स, म्हणजे आपल्यातला हट्टी जीव, उपाशी राहूनही फुगू शकतो. चारचौघांसारखं बसून शिरखुर्मा खाणं ही अशा माणसाची परीक्षाच.

तारखा जुळवायच्या कशा?

आता थोडं तंत्र. मौखिक इतिहासात सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माणसं साल सांगत नाहीत, हंगाम सांगतात. “तेव्हा खळं चालू होतं आणि रोजे होते.” यावरून साल काढता येतं का? बऱ्यापैकी काढता येतं.

हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो आणि साधारण ३३ सौर वर्षांत सगळे ऋतू फिरून परत त्याच हंगामात येतो. आपले हिंदू महिनेही चांद्रच, पण आपण अधिक महिना टाकून ते ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरीत अधिक महिना नाही. याचा परिणाम अलीकडेच दिसला. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला झाला आणि लगेच २४ मार्चला रोजे सुरू झाले. त्या वर्षी अधिक श्रावण आला. मग २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला. म्हणजे एका वर्षी पाडव्याच्या चंद्रानं रोजे आणले, पुढच्या वर्षी त्याच पाडव्याच्या चंद्रानं ते सोडवले. २०२५ मध्ये पाडवा आणि ईद लागोपाठ आले, ते याच गणितानं.

आता खळ्याचं बघू. रब्बी ज्वारीची काढणी-मळणी फेब्रुवारी-मार्चची. २०२५ मध्ये रोजे मार्चमध्ये होते. ३२-३३ वर्षं मागे जा: १९९३ ची ईद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. आणखी मागे जा: १९६० ची ईदही मार्चच्या अखेरीस, महाराष्ट्र राज्य होण्याच्या महिनाभर आधी. म्हणजे सत्तरी ओलांडलेला माणूस “खळ्यातले रोजे” म्हणाला, तर तो १९६० च्या आसपासचं बोलतोय की १९९३ च्या, एवढंच ठरवायचं राहतं. मग जोडप्रश्न विचारा: तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? मळणी बैलांनी व्हायची की यंत्रानं? दोन प्रश्नांत साल हाती येतं.

कागदावर मात्र तिसरंच कॅलेंडर भेटेल. झरी-परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. तिथल्या सरकारी दफ्तरात फसली सन चाले. तो सौर, वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं आणि महिन्यांची नावं फारसी: आजूर, दय, बहमन वगैरे. हैदराबादच्या फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदींसाठी ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. इतर प्रांतांच्या फसलीचा हिशोब वेगळा आहे, तो इथं लावू नका. आणि सगळे मुस्लिम उत्सव चंद्रावर सरकतात असंही धरून चालू नका. परभणीत शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो, इंग्रजी तारखेनं.

अवघड वर्षं

हे तंत्र हातात आलं की एक मोह होतो: लगेच जाऊन विचारावं, “अमुक साली ईद कशी झाली?” इथं जरा थांबा.

१३६७ हिजरीची रमजान ईद गणितानं ७ ऑगस्ट १९४८ च्या आसपास येते. चांद दिसण्यावर एक दिवस इकडे-तिकडे. तेव्हा रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातली गावं धास्तावलेली होती. पाच आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ तारखेला संपली. त्यानंतरच्या दिवसांत संस्थानात अनेक ठिकाणी मुसलमानांच्या हत्या झाल्या. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संपूर्ण संस्थानासाठी मृतांचा किमान अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. पुढची ईद आली जुलै १९४९ च्या अखेरीस. दोन ईदींच्या मधलं हे एक वर्ष. कोणाच्याही घरात “त्या वर्षीची ईद” हा प्रश्न नुसता सणाबद्दलचा राहत नाही. हिंदू घरात त्याच वर्षाचा प्रश्न विचारला तर तिथंही जखम असू शकते. प्रश्नावली खिशात ठेवा. आधी माणूस बोलायला तयार आहे का ते बघा, आणि नाही म्हणाला तर तीही नोंद आहे.

दुसरं वर्ष १९७२. दुष्काळाचं. त्या वर्षी रोजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ईद ८ नोव्हेंबरच्या आसपास. ज्या वर्षी पेरलेलं उगवलं नाही आणि माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, त्या वर्षी फित्रा देणारं घर कोणतं आणि घेणारं कोणतं? फित्र्याच्या नियमात देणारा आणि घेणारा यांच्यामधली रेघ मालमत्तेवर ठरते, आणि दुष्काळ ती रेघ एका हंगामात हलवतो. कालपर्यंत देणाऱ्याला आज घ्यावं लागणं, हे कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. पण तेच विचारण्यासारखं आहे, आणि विचारताना समोरच्याची मान खाली जाऊ नये याची काळजी घेण्यासारखं आहे. “तुम्ही घेतला का?” असं विचारू नका. “त्या वर्षी गावात फित्रा कसा वाटला गेला?” असं विचारा.

आराखड्यात काय बदलायचं?

झरीहून परतल्यावर मी माझ्या नोंदवहीतला ‘समाप्त’चा रकाना काढून टाकला. त्याजागी तीन रकाने केले: ‘कोणासाठी?’, ‘कधीपर्यंत?’ आणि ‘पुढे कोणत्या रूपात?’ आता एतेकाफच्या माणसासमोर ‘३० मार्च, सूर्यास्त’ असं लिहिता येतं. फित्रा देणाऱ्या घरासमोर ‘३१ मार्च, नमाजेआधी’. दादींच्या नावासमोर ‘शव्वालचे सहा रोजे’. सुनेच्या नावासमोर ‘सात कजा, जमेल तसे’.

तुम्हीही हे करून बघा. विषय रमजानचाच हवा असं नाही. चातुर्मास घ्या, आषाढी वारी घ्या, नवरात्र घ्या, अगदी संप किंवा सत्याग्रह घ्या. ज्या दिवशी तो ‘संपला’ असं पुस्तकात लिहिलंय त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस काय झालं, ते शोधा. कोण अजून त्यात आहे? कोणाचं काही द्यायचं-घ्यायचं, भरून काढायचं राहिलंय? उत्साह ओसरल्यावर माणूस काय टिकवतो, यावरून त्याची निष्ठा कळते, आणि ते टिकवणं बहुधा आवाज न करता होतं. म्हणून ते नोंदीतून निसटतं.

परीक्षकांनी पुन्हा विचारलं, “कालखंडाचा शेवट इथंच का?” तर आता मी सांगेन की मी एक शेवट मांडत नाहीये, कोणाचा शेवट कधी झाला ते मांडतेय. त्यावर ते आणखी तीन प्रश्न विचारतील. विचारू देत. निदान बोबडी तरी वळणार नाही.

आणि क्षेत्रकार्याला जाताना परतीची गाडी सणाच्याच संध्याकाळची काढू नका. एक दिवस जास्त राहा.